थांबा! पुढं नाकाबंदी आहे

घर नाही, पण दार आहे. भिंती नाहीत, छप्पर नाही, कडी-कोयंडाही नाही. संध्याकाळी रस्त्यात उगवतं आणि पहाटे गायब होतं. ओळखा पाहू काय?

नाही ओळखता आलं? मग आणखी एक खूण घ्या. या दाराशी नेहमी असा संवाद ऐकू येतो :

"गाडी साइडला घ्या भाऊ."

"काऊन साहेब? काय झालं?"

"काही नाही झालं. लायसन दाखवा."

आता बरोबर ओळखलंत! ही आहे नाकाबंदी. नागपुरात राहणाऱ्या प्रत्येकानं ती पाहिलेली असते. लोखंडी बॅरिकेड, त्यावर चमकणाऱ्या पट्ट्या, हातात टॉर्च घेतलेले दोन-चार पोलीस आणि मागं वाहनांची रांग. रांगेत उभं राहिलं की घरातली मोठी माणसं कुरकुर करतात, "आता आणखी दहा मिनिटं गेली!" छोटी माणसं मात्र बघत राहतात. त्यांना प्रश्न पडतात. रस्ता तर सगळ्यांचा आहे. मग तो असा मध्येच कोण बंद करू शकतो? का? आणि किती वेळ?

मित्रांनो, आज याच प्रश्नांची उत्तरं शोधू या.

नाका आला कुठून?

नाका म्हणजे वाट जिथं अडवता येते ती जागा. गावात शिरण्याचं किंवा गावातून बाहेर पडण्याचं तोंड. पूर्वी गावात माल आणायचा तर जकात भरावी लागे. ती जिथं भरायची तो जकात नाका. नागपुरातली जकात २०१३ साली बंद झाली, पण वाडी नाका, पारडी नाका ही नावं अजून लोकांच्या तोंडात आहेत.

आपण ज्याला टोल नाका म्हणतो तिथं रस्ता वापरल्याचे पैसे घेतात. आरटीओचा तपासणी नाका असतो तिथं ट्रकचं वजन आणि कागदपत्रं बघतात. हे नाके वर्षानुवर्षं एकाच जागी असतात. नाकाबंदीचं तसं नाही. ती आज या चौकात, तर उद्या त्या चौकात. म्हणूनच तिचा उपयोग. कायमची असती, तर चोरानं आधीच गल्ली शोधून ठेवली नसती का?

वाटा अडवण्याची युक्ती काही नवी नाही. शिवाजी महाराज १७ ऑगस्ट १६६६ रोजी आग्र्याहून निसटले, ही गोष्ट तुम्ही चौथीतच वाचली असेल. बातमी फुटताच मुघलांनी रस्त्यांवर आणि नदीच्या उतारांवर चौक्या-पहारे बसवले होते. पेटाऱ्यांची गोष्टही आठवा. आधी पहारेकरी प्रत्येक पेटारा उघडून पाहत. रोज रोज मिठाईच निघते म्हटल्यावर तपासणी ढिली पडली, असं सांगतात. तपासणी करणाऱ्याला कंटाळा आला की पहारा नुसता नावाला उरतो. हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

नागपूरच्या सात वाटा

नकाशा काढा आणि नागपूरवर बोट ठेवा. आता बाहेर पडणारे मोठे रस्ते मोजा. वर्धा रोड, अमरावती रोड, काटोल रोड, छिंदवाडा रोड, कामठी रोड, भंडारा रोड आणि उमरेड रोड. झाले सात! देशाची उत्तर-दक्षिण वाट आणि पूर्व-पश्चिम वाट इथंच एकमेकींना भेटतात. जुन्या माणसांना त्या 'सहा नंबर' आणि 'सात नंबर' या नावांनी माहीत आहेत. नवे क्रमांक ५३ आणि ४४. त्यात डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला. ती आणखी एक वाट.

अशा शहरात समजा सीताबर्डीला कुणी दुकान लुटून मोटारीनं पळालं. ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी एका मिनिटात एक किलोमीटर जाते. म्हणजे दहा-बारा मिनिटांत ती शहराच्या टोकाला पोचली! पाठलाग करून तिला गाठणं कठीण. पण बातमी तर गाडीपेक्षा वेगानं धावते ना? नियंत्रण कक्षातून बिनतारी संदेश सुटतो : अमुक रंगाची गाडी, अमुक नंबर, अमुक दिशा. सगळ्या वाटांवर एकदम अडथळे लागतात. गाडीच्या मागं धावण्याऐवजी गाडीच्या पुढं जाऊन उभं राहायचं, ही नाकाबंदीची सगळी युक्ती.

बॅरिकेड तिरपे का ठेवतात?

पुढच्या वेळी नीट पाहा. चांगल्या नाकाबंदीत बॅरिकेड रस्त्यावर सरळ भिंतीसारखे लावलेले नसतात. एक डावीकडे, थोडं पुढं दुसरं उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. गाडीला नागमोडी जावं लागतं. नागमोडी जायचं म्हणजे वेग आपोआप कमी होतो. पोलिसाला चालकाचा चेहरा आणि गाडीचा नंबर बघता येतो, आणि कुणी अंगावर गाडी घालील ही भीतीही कमी होते.

आता थोडं गणित करू. ताशी ८० किलोमीटरनं येणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर पुढं सरकते. अडथळा डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे २२ मीटर तर तसेच गेले. मग ब्रेक लागून कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५ ते ४० मीटर. एकूण झाले जवळजवळ ६० मीटर. भरलेल्या ट्रकला याहून जास्त लागतात आणि पावसात तर विचारूच नका. म्हणून महामार्गावर अंधारात, दिवा किंवा चमकती पट्टी नसलेलं बॅरिकेड ठेवणं म्हणजे संकटाला आमंत्रण. अडथळा लांबून दिसला पाहिजे, आधी सूचना देणारा फलक पाहिजे आणि पोलिसांच्या अंगावर चमकणारं जाकीट पाहिजे.

दुसरं गणित रांगेचं. एका मिनिटात २० गाड्या येतात. चार पोलीस तपासताहेत आणि प्रत्येक गाडीला अर्धा मिनिट लागतो. म्हणजे मिनिटाला आठ गाड्या सुटतात आणि बारा मागं साचतात. दहा मिनिटांत १२० गाड्यांची रांग! त्या रांगेत एखादी रुग्णवाहिका अडकली तर? म्हणून प्रत्येक गाडी अडवत नाहीत. समजा दर तिसरी गाडी बाजूला घ्यायची ठरवली. मग मिनिटाला सहा-सात गाड्या तपासायच्या. चौघांना ते जमतं आणि रांग लागत नाही. यात आणखी एक गंमत आहे. दर तिसरी गाडी म्हटलं की ती जुनी स्कूटर असो की महागडी मोटार, नंबर आला की थांबायचं. कपडे बघून, चेहरा बघून, आडनाव बघून कुणाला निवडायचं नाही.

रस्ता अडवण्याचा अधिकार कुणाला?

होळीच्या दिवसांत काही मुलं काय करतात, आठवतंय? रस्त्यावर दोरी आडवी धरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवतात. "वर्गणी द्या, मगच सोडू!" त्यांना वाटतं ही गंमत आहे. पण सायकलवाल्याच्या गळ्याला ती दोरी लागली तर? कायद्याच्या नजरेत तर ही गंमत नाहीच. सार्वजनिक रस्त्यावर अडथळा करणं हा गुन्हा आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. वर्गणी मागायचीच असेल, तर तान्ह्या पोळ्याला तुम्ही लाकडी बैल घेऊन बोजारा मागायला जाता ना, तसं घरोघरी जावं. वाट अडवू नये.

मग पोलीस अडवतात ते कसं चालतं?

त्याचं उत्तर १९५१ सालच्या एका कायद्यात आहे. तेव्हा त्याचं नाव होतं मुंबई पोलीस कायदा. आता तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्याचं ३४ वं कलम या अडथळ्यांबद्दलच आहे. शहरात पोलीस आयुक्त आणि इतर ठिकाणी कायद्यानं ठरवलेला सक्षम अधिकारी, गरज वाटली तर, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याला रस्त्यावर अडथळे उभारण्याची परवानगी देऊ शकतो. नागपूरला पोलीस आयुक्तालय १९६५ साली झालं. तेव्हापासून शहरात हा अधिकार आयुक्तांच्या हाती आहे.

या कलमातल्या तीन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली : मनात आलं म्हणून कुणीही पोलीस बॅरिकेड ओढून रस्ता बंद करत नाही. त्यामागं वरिष्ठांची परवानगी लागते. दुसरी : गाडी थांबवायची ती तात्पुरती. तिसरी : थांबवण्याला कारण हवं. गाडीच्या आणि चालकाच्या बाबतीत कायदा मोडलेला नाही ना, याची खात्री करून घेणं, हे ते कारण.

याच्या जोडीला १९८८ चा मोटार वाहन कायदा आहे. गणवेशातल्या पोलिसानं मागितला की चालकानं परवाना दाखवलाच पाहिजे. तो फोनवरच्या डिजिलॉकरमध्ये असला तरी चालतो. दारू पिऊन गाडी चालवत असल्याचा संशय आला, तर पोलीस फुंकर मारायच्या यंत्रानं तपासणी करतात. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल निघालं की गुन्हा झाला. पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही! निवडणुकीच्या दिवसांत आणखी एक पथक नाक्यावर दिसतं. कुणी ५० हजारांहून जास्त रोख रक्कम नेत असेल, तर ती कशाची आहे त्याचे कागद दाखवावे लागतात.

आणि आपला अधिकार?

नाण्याला दुसरी बाजूही आहे. आपल्या संविधानाच्या १९ व्या कलमानं प्रत्येक नागरिकाला देशभर मोकळेपणानं फिरण्याचा हक्क दिला आहे. नागपूरहून निघून थेट कन्याकुमारीपर्यंत जा, वाटेत कुणाची चिठ्ठी लागत नाही. पण त्याच कलमात पुढं असंही म्हटलं आहे, की जनतेच्या हितासाठी सरकारला या हक्कावर वाजवी बंधनं घालता येतात. 'वाजवी' हा शब्द लहान दिसतो, पण फार मोठं काम करतो. बंधन आहे म्हणून हक्क संपला असं नाही. बंधन घालणाऱ्यालाच ते वाजवी आहे हे दाखवावं लागतं.

नाक्यावर या शब्दाचा अर्थ काय? गरजेपुरतंच थांबवायचं. भाषा सभ्य ठेवायची. दंड घेतला तर त्याची पावती द्यायची. परवाना मागता येतो, पण चालू गाडीची किल्ली खसकन काढून घ्यावी असं मोटार वाहन कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. बाईची झडती घ्यायची झाली तर ती दुसऱ्या महिलेनंच आणि सभ्यता सांभाळून घ्यायची, हे तर कायद्यात स्पष्टच लिहिलं आहे. आपल्याशी कुणी यापेक्षा वेगळं वागलं, तर भांडण न करता त्यांच्या छातीवरची नावाची पट्टी वाचावी, वेळ आणि जागा लिहून ठेवावी आणि पोलीस ठाण्यात किंवा आयुक्तालयात लेखी तक्रार द्यावी. घरातल्या मोठ्यांनी मुलांसमोर हे शांतपणे केलं, तर मुलंही तेच शिकतील.

एका काठीची गोष्ट

"दोन लोखंडी बॅरिकेडनं काय होणार?" असं कुणी म्हणालं, तर त्याला गिरगाव चौपाटीची गोष्ट सांगा.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर अतिरेक्यांनी हल्ला केला. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर आणि कामा रुग्णालयाच्या परिसरात गोळीबार करून दोघं जण एका बळकावलेल्या स्कोडा मोटारीतून पळाले. बिनतारी यंत्रावर गाडीचं वर्णन आलं. गिरगाव चौपाटीजवळ डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या माणसांनी बॅरिकेड लावून रस्ता अडवला होता. मध्यरात्र उलटून गेली होती. गाडी आली आणि अडथळ्यांच्या अलीकडे काही अंतरावर थांबली. वळून पळायचा प्रयत्न करताना ती दुभाजकावर चढली.

सहायक फौजदार तुकाराम ओंबळे पुढं धावले. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे हे गृहस्थ आधी सैन्यात होते. हातात फक्त लाठी. समोरच्यानं बंदूक रोखताच त्यांनी तिची नळी दोन्ही हातांनी पकडली आणि गोळ्या झेलूनही सोडली नाही. तेवढ्या वेळात बाकीच्या पोलिसांनी झडप घातली. त्या हल्ल्यातला एकमेव अतिरेकी जिवंत हाती लागला, आणि हल्ला कुणी, कुठून, कसा आखला हे त्याच्याकडून कळलं. तुकाराम ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आलं. त्या रात्री त्यांचं काम काय होतं? नाकाबंदी.

आपल्या नागपुरातही असंच घडलं आहे. १ जून २००६ च्या पहाटे महाल भागात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या मुख्यालयाजवळ एक पांढरी अँबॅसडर आली. तिच्यावर लाल दिवा होता आणि आतल्या तिघांच्या अंगावर पोलिसांचे कपडे. पोलिसांना संशय आला. त्यांनी हटकल्यावर गाडीनं बॅरिकेडकडे मुसंडी मारली आणि चकमक झाली. त्यात तिघंही ठार झाले, अशी माहिती पोलिसांनी दिली. लाल दिवा दिसला की सलाम ठोकून वाट मोकळी करायची, अशी तेव्हा सवय होती. त्या पहाटे दिव्याकडे बघून गाडी सोडली असती तर? मंत्री आणि अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे पुढं १ मे २०१७ पासून देशभर बंदच झाले.

कधी पतंगासाठी, कधी साथीसाठी

रस्ता नेहमी चोरांसाठीच अडवतात असं नाही. मकरसंक्रांतीला नागपूरचं आकाश पतंगांनी भरून जातं. पण नायलॉन मांजा दुचाकीवाल्याच्या गळ्यात अडकला तर जीव जातो. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ सालीच या मांज्यावर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातोच. म्हणून अलीकडच्या वर्षांत संक्रांतीच्या दिवशी पोलीस शहरातले उड्डाणपूल वाहनांसाठी बंद करतात. उंचावरचा रस्ता बंद, खालचा चालू. कुणाच्या तरी हौसेमुळं सगळ्या शहराची वाट वळवावी लागते, हे चक्री हातात घेताना आठवावं.

मारबत निघाली की महाल-इतवारीकडची वाहतूक वळवतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे लाखो लोक चालत येतात, तेव्हा त्यांना चालायला जागा हवी म्हणून गाड्या अडवतात. इथं बॅरिकेड चालणाऱ्यांचं रक्षण करतं.

२०२० साल तर कुणीच विसरणार नाही. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. चौकाचौकांत नाकाबंदी लागली. सतरंजीपुरा, मोमिनपुरा असे भाग चारही बाजूंनी बंद केले गेले. तो अधिकार साथरोग कायद्यातून आणि आपत्ती व्यवस्थापन कायद्यातून आला होता. साथरोग कायदा तर १८९७ चा, मुंबईच्या प्लेगच्या वेळचा! त्या उन्हाळ्यात महामार्गांवर डोक्यावर बोचकं आणि कडेवर लेकरू घेऊन गावाकडे निघालेले मजूरही आपण पाहिले. नाक्यावरच्या पोलिसाला अशा वेळी दोन कामं करावी लागतात. साथ पसरू द्यायची नाही आणि भुकेल्याला पाण्यावाचून ठेवायचंही नाही. दुसरं काम कोणत्या कलमात लिहिलेलं नसतं.

२३ नोव्हेंबर १९९४

आता जे सांगायचं आहे ते थोडं जड आहे. पण नागपूरच्या मुलांना हे माहीत असायलाच हवं.

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं तेव्हा राज्यभरातून मोर्चे येतात. मोर्चा थेट विधानभवनात जाऊ नये म्हणून पोलीस तो काही अंतरावर अडवतात. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाचा मोठा मोर्चा आला होता. गुरं राखून पोट भरणारी ही गरीब माणसं. आपल्याला अनुसूचित जमातीत गणावं, अशी त्यांची मागणी होती. बाया होत्या, कडेवरची मुलं होती. मोर्चा झिरो माईलजवळ, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडवला गेला. दिवस मावळायला आला, भेटायला कुणी आलं नाही. मग गोंधळ उडाला, लाठ्या चालल्या, धावपळ झाली. पुढं अडथळा, मागं गर्दी, बाजूला जायला वाट नाही. त्या चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुलं होती.

गर्दीचं शास्त्र सांगतं, की एका चौरस मीटरमध्ये पाच-सहाहून जास्त माणसं दाटली की कुणालाच स्वतःच्या मनानं हलता येत नाही. माणूस पाण्यातल्या काडीसारखा ढकलला जातो. मागच्यांना पुढं काय चाललं आहे ते दिसत नाही आणि पुढच्यांना मागं सरता येत नाही. म्हणून गाडी अडवणारं बॅरिकेड वेगळं आणि माणसं अडवणारं बॅरिकेड वेगळं. माणसं अडवायची तर बाजूला बाहेर पडायला मोकळी वाट हवी, सगळ्यांना ऐकू जाईल असा ध्वनिक्षेपक हवा, पाणी आणि डॉक्टर हवेत आणि त्यांचं म्हणणं ऐकायला वेळेवर कुणीतरी यायला हवं.

झिरो माईलजवळ गोवारी शहीद स्मारक आहे. सीताबर्डीच्या उड्डाणपुलालाही त्यांचंच नाव दिलं आहे. त्या पुलावरून तुम्ही अनेकदा गेला असाल. पुढच्या वेळी नावाची पाटी वाचा आणि घरातल्या मोठ्यांना त्या दिवसाबद्दल विचारा.

जगात काय करतात?

हा प्रश्न आपल्याच देशाचा नाही. ब्रिटनमध्ये १९८४ च्या एका कायद्यानुसार गंभीर गुन्ह्यातला माणूस शोधण्यासाठी रस्त्यावर तपासणी लावायची, तर वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि ती एका वेळी सात दिवसांपुरतीच देता येते. तिथंही शब्द तोच, तात्पुरतं!

अमेरिकेत यावरून खटले झाले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७९ साली सांगितलं, की काहीही संशय नसताना पोलिसानं मनाला येईल ती एकच गाडी निवडून अडवू नये. १९९० साली त्याच न्यायालयानं म्हटलं, की दारू पिऊन गाडी चालवणारे शोधण्यासाठी ठरलेल्या पद्धतीनं सगळ्यांना थोडा वेळ थांबवलं तर चालेल. २००० साली मात्र, अमली पदार्थ सापडतात का बघू, एवढ्याच कारणासाठी सरसकट नाके लावणं चुकीचं ठरवलं. पाहिलंत? नाका तोच, पण तो कशासाठी लावला यावर निकाल बदलला. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यानं १९७६ पासून कुणाही चालकाला थांबवून श्वासाची तपासणी करायला सुरुवात केली.

आता तुमच्यासाठी

दहावी-बारावीच्या दोस्तांनो, हे तुमच्यासाठी खास. शिकवणीला उशीर झाला म्हणून घरची गाडी काढून निघता ना? गिअरच्या गाडीला आणि साध्या स्कूटरलाही वयाची १८ वर्षं पुरी असावी लागतात. १६ व्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. १८ च्या आतल्या मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. पुढं नाकाबंदी दिसली की काही मुलं घाबरून गाडी उलटी फिरवतात आणि चुकीच्या बाजूनं पळतात. दंडापेक्षा मोठा धोका तिथं असतो. समोरून येणारा ट्रक काही तुम्हाला ओळखत नाही.

नाका दिसला की एवढं करा. वेग कमी करा. मोटारीचे पुढचे दिवे मंद करा आणि आतला दिवा लावा. गाडी डावीकडे घ्या. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्या. मागून रुग्णवाहिका आली तर आधी तिला जाऊ द्या. आणि सुटताना एखादा "धन्यवाद काका" म्हणून बघा. थंडीत रात्रभर उभ्या असलेल्या माणसाला तो शब्द क्वचितच ऐकायला मिळतो.

आई-बाबांनो, दोन शब्द तुम्हालाही. मूल जेवत नसलं की आपण सहज म्हणतो, "थांब, पोलिसाला बोलावते!" मग तेच मूल हरवलं, तर गणवेश पाहून जवळ जाण्याऐवजी दूर पळतं. आणि मुलाला मागं बसवून "ओळखीचा फोन लावतो" किंवा "काही घ्या आणि सोडा" असं नाक्यावर म्हणू नका. कागद नसतील तर दंड भरा आणि पावती घ्या. मागं बसलेलं मूल सगळं ऐकत असतं.

डोकं चालवा

१. मिनिटाला ३० गाड्या येतात. पाच पोलीस आहेत. एका गाडीला अर्धा मिनिट लागतो. रांग लागू नये म्हणून दर कितवी गाडी थांबवावी?

२. तुमच्या घरापासून शहराबाहेर जाणाऱ्या किती वाटा आहेत? नकाशा काढा. सगळ्या बंद करायच्या तर कमीत कमी किती नाके लागतील?

३. रांगेत तुमच्या मागं एक गाडी सारखी हॉर्न वाजवते आहे. आतले काका म्हणतात, "घरी आजी आजारी आहे." तुम्ही पोलीस असता तर काय केलं असतं?

पहिल्याचं उत्तर : दर तिसरी. दुसऱ्याचं उत्तर प्रत्येकाच्या नकाशावर वेगळं येईल. तिसऱ्याचं उत्तर आज रात्री जेवताना घरच्यांशी बोलून ठरवा.